सोयाबीन किती दिवसांचं झालं? नक्षत्रावर नको, तारखेवर मोजा

लातूर, बीड, धाराशिवकडे बांधावर विचारलं तर उत्तर येतं, ‘आर्द्रात पेरलंय, झाला असंल महिना.’ आर्द्रा तेरा-चौदा दिवस चालते आणि तणनाशकाची वेळ असते जेमतेम पाच-सहा दिवसांची. म्हणून पेरणी उरकली की त्याच दिवशी तारीख लिहा, बियाण्याच्या टॅगमागे लिहिली तरी चालेल. टॅग आणि पावती तशीही हंगामभर जपायचीच असते.

पेरणीचा दिवस शून्य धरा. समजा २२ जूनला पेरलं, तर जूनचे उरले ८. उगवणीनंतरचं तणनाशक साधारण १५ ते २० दिवसांत, तण २ ते ४ पानांवर असताना मारायचं. म्हणजे ७ ते १२ जुलै. आता काढणीकडे चला. ८ मध्ये जुलैचे ३१ मिळवले की ३९, ऑगस्टचे ३१ धरून ७०, सप्टेंबर संपला की बरोबर १००. जेएस ३३५ हे वाण साधारण ९५ ते १०० दिवसांत येतं, म्हणजे २५ ते ३० सप्टेंबर. मजूर आणि मळणीयंत्र सांगून ठेवायला हा हिशोब पुरतो. कापणी मात्र शेंगांचा रंग बघूनच.

महिना सरसकट ३० दिवसांचा धरू नका. जुलै-ऑगस्ट लागोपाठ ३१ चे, त्यामुळे २२ जून ते २२ सप्टेंबर ९० नाही, ९२ दिवस होतात. तिथीवर तर मोजूच नये. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला होता. त्या वर्षी ‘श्रावणात फवारलं’ म्हणजे नेमकं कधी, कोण सांगणार?

पावसाआधी कोरड्यात टोबलेल्या (हाताने बी लावलेल्या) कपाशीचे दिवस टोबणीपासून नाही, उगवणीचा पाऊस झाला तिथून धरा. दुबार पेरणी झाली तर त्या तुकड्याची तारीख वेगळी लिहा. नुसत्या नांग्या (न उगवलेल्या जागा) भरल्या असतील तर जुनीच तारीख चालू द्या.

फवारणी ते काढणी यातलं अंतर उलटं मोजायचं. लेबलवर ३० दिवस लिहिले असतील आणि कापणी ३० सप्टेंबरला धरली असेल, तर शेवटची फवारणी ३१ ऑगस्टपर्यंत. त्यानंतर अळी दिसली तर कमी दिवसांचं औषध मागा. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी लेबल वाचूनच घ्या.

मोबाईलच्या शीटमध्ये एका तारखेतून दुसरी वजा केली की दिवस आपोआप निघतात. फक्त महिना अक्षरी टाका. नुसतं ७/६ लिहिलं तर काही फोन ७ जूनचा ६ जुलै करतात.