वर्गात सिम्युलेशन, क्विझ वापरताय? या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांत आता प्रोजेक्टर आहे, मूडल (ऑनलाइन क्विझ-टेस्ट घ्यायचं सॉफ्टवेअर) आहे आणि पोरांच्या हातात फोनही आहेत. तरी 'सॉफ्टवेअर वापरून फरक काय पडला?' हा प्रश्न स्टाफरूममध्ये निघतोच. माझ्या मते बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरचा नसतो. विद्यार्थ्याने अंदाज बांधायच्या आधीच आपण त्याला उत्तर दाखवून मोकळे झालेलो असतो.

फेटचं सर्किट किट घ्या. कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या प्रकल्पातलं हे मोफत सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर सर्किट जोडून बघायची सोय. एफवायच्या वर्गाला नुसतं 'करून बघा' म्हटलं, की निम्मी मुलं बॅटरी शॉर्ट करून पडद्यावर आग लावत बसतात. (एकदा लावू द्या. शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते तेवढ्यानेच लक्षात राहतं.) मग फोन बाकावर पालथे ठेवायला सांगा आणि प्रश्न टाका: पॅरललमधल्या दोन बल्बना तिसरा जोडला, तर आधीचे मंद होतील का? उत्तर वहीत पेनाने, कारणासकट. बरेच जण 'होतील' लिहितात. सिम्युलेशनमध्ये बल्ब जसेच्या तसे राहतात, आणि इथून खरा तास सुरू होतो.

पुढची अडचण प्रॅक्टिकलला येते. खऱ्या सेलवर तेच सर्किट जोडलं की बल्ब थोडे मंद होतात. 'मॅडम, ॲप चुकीचं आहे,' असा गलका होतो. ॲप बरोबर आहे. त्यातल्या बॅटरीचा अंतर्गत रोध (बॅटरीच्या आतच प्रवाहाला होणारा विरोध) सुरुवातीला शून्य धरलेला असतो. लॅब स्क्रीनवरच्या जादा पर्यायांत तो वाढवा, तिथलेही बल्ब मंद होतील. सॉफ्टवेअरने काय गृहीत धरलंय ते वर्गात जाण्याआधी तपासलं नाही, तर भर वर्गात तोंडघशी पडायची वेळ येते.

क्विझच्या बाबतीत सर्रास होणारी चूक म्हणजे वेगाला मार्क. कहूट या क्विझ ॲपमध्ये नेहमीच्या सेटिंगला जो लवकर बोट टेकवेल त्याला जास्त गुण. शेवटच्या पाच मिनिटांत झोप उडवायला ठीक. संकल्पना कळली का, हे त्यातून समजत नाही. त्यापेक्षा हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी १९९१ पासून वापरलेली पद्धत बघा. आधी प्रत्येकाने एकट्याने प्रश्नाच्या उत्तरावर मत द्यायचं. मतं विभागली गेली, तर शेजाऱ्याला पटवायला दोन-तीन मिनिटं, मग पुन्हा मतदान. या दोन मतदानांच्या मधे शिक्षकाने गप्प बसायचं असतं. ते आपल्याला सगळ्यांत जड जातं!

मूडलवर सरावाच्या क्विझलाही 'डिफर्ड फीडबॅक' तसंच राहू देणं ही छोटी पण नडणारी चूक. अख्खी क्विझ जमा होईपर्यंत मुलांना काही कळत नाही. सरावासाठी 'इंटरॲक्टिव्ह विथ मल्टिपल ट्राइज' (चुकलं की तिथेच पुन्हा प्रयत्न) निवडा आणि प्रत्येक चुकीमागे एक सूचना लिहा. वेळ जातो, पण तोच कामाचा भाग आहे.

वाय-फाय? साठ-सत्तर फोन एका राउटरवर लटकले की रडगाणं ठरलेलं. फेटची नवी सिम्युलेशन्स एकेका फाइलमध्ये डाउनलोड होतात आणि ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात. आदल्या दिवशी उतरवून ठेवा, दोघांत एक फोन द्या. जोडीने वाद घालत केलेलं बरंच बरं.

आणि ऑनलाइन टेस्टची वेळ संध्याकाळी सहाची ठेवू नका. तेव्हा निम्मा वर्ग ट्रान्स-हार्बरच्या लोकलला लोंबकळत असतो, कर्जत-कसाऱ्याची मुलं तर ठाण्याला गाडी बदलत असतात. नेट गेलं तरी मूडलचं घड्याळ थांबत नाही. टेस्ट दिवसभर उघडी ठेवा, मुदत रात्री अकराची द्या.