मेफ्लॉवरवरचा माणूस मूळचा कुठला? इंग्रज वसाहतकऱ्याचं गाव शोधण्याची रीत

सतराव्या शतकात इंग्लंड सोडून अमेरिकेत गेलेल्या सामान्य माणसाचं मूळ गाव सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. जहाजावरच्यांच्या यादीत नाव मिळतं, वसाहतीच्या दफ्तरात जमीन आणि भांडणं मिळतात, गाव मात्र नाही. मग कुणीतरी इंग्लंडात त्याच नावाचा माणूस शोधतो आणि ते गाव त्याला चिकटतं.

स्टीफन हॉपकिन्सचं असंच झालं. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीत गेलेला हा माणूस ग्लॉस्टरशायरमधल्या वुटन-अंडर-एजचा, असं वर्षानुवर्षं मानलं जात होतं. १९९८ मध्ये केलेब जॉन्सन या अभ्यासकाने तो हॅम्पशायरमधल्या हर्सलीत राहत होता हे दाखवून दिलं. या शोधाचे टप्पे कुठल्याही वसाहतकऱ्याला लावता येतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

१. आधी इंग्लंडचं नाव काढू नका

सुरुवात माणसाच्या शेवटापासून करायची. हॉपकिन्सचं मृत्युपत्र ६ जून १६४४ चं आहे. त्यात मुलगा गाइल्सला 'मोठा बैल' दिलाय, जो तेव्हा मिसेस वॉरन यांच्याकडे होता. गाइल्सच्या मुलाला वीस शिलिंग दिलेत, तेही त्याच बैलाच्या भाड्यापोटी वॉरनबाईंकडून यायचे. निकोलस स्नोची बायको झालेल्या कॉन्स्टन्स या मुलीला घोडी. वाचायला गंमत वाटते, पण आपल्या कामाचं वेगळंच आहे: कोण कुणाचं, लग्न कुणाशी, व्यवहार कुणाशी, हे सगळं एका कागदावर मिळालं.

दुसरा कागद प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याचा. मेफ्लॉवरवर आलेल्या प्रत्येक कुटुंबाची यादी त्याने म्हातारपणी लिहून ठेवली. हॉपकिन्सपुढे तो लिहितो की गाइल्स आणि कॉन्स्टन्स ही आधीच्या बायकोची मुलं, डॅमरिस आणि ओशेनस ही आताच्या एलिझाबेथची. ओशेनसचा जन्म समुद्रावरच झाला, नावातच ते आलं. सोबत दोन नोकर.

'आधीच्या बायकोची' हे दोन शब्द पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली आहेत.

२. माणूस नाही, घर शोधा

स्टीफन हॉपकिन्स या नावाची माणसं तेव्हाच्या इंग्लंडात ठिकठिकाणी सापडतील. पण ज्याला १६२० च्या आधी कॉन्स्टन्स आणि गाइल्स अशी दोन मुलं झाली, असा स्टीफन क्वचितच. कुटुंबातलं सर्वांत कमी वापरातलं नाव घ्या, त्याला भावंडाचं नाव जोडा, आणि त्या जोडीचा शोध घ्या. नुसत्या बापाच्या नावावर गाव ठरवलेलं दिसलं, तर मी तरी तिथेच शंका घेतो.

३. चर्चची रजिस्टरं

१५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायचा हुकूम दिला. सुरुवातीची बरीच रजिस्टरं आज नाहीत. १५९८ च्या सुमारास जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश निघाला, तो विशेषतः पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासूनच्या नोंदींसाठी. त्यामुळे अनेक गावांची रजिस्टरं १५५८ पासून सुरू झालेली दिसतात. तेव्हापासून दरवर्षी एक नक्कल बिशपकडेही जाऊ लागली. मूळ रजिस्टर हरवलं असेल तर ही नक्कल मागा.

फॅमिलीसर्चसारख्या मोफत संकेतस्थळावर अनुक्रमणिका मिळते. तिच्यावर थांबू नका, मूळ पानाचं छायाचित्र पाहा. त्या काळचं हस्ताक्षर पहिल्यांदा बघणाऱ्याला मोडीसारखंच अगम्य वाटतं, आणि मोडीसारखंच सरावाने उलगडतं.

४. जानेवारी आणि मार्च यांपासून सावध

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. हर्सलीच्या रजिस्टरात स्टीफनची मुलगी कॉन्स्टन्स हिचा बाप्तिस्मा ११ मे १६०६ चा आहे. गाइल्सचा ३० जानेवारी १६०७ चा. जेमतेम साडेआठ महिन्यांचं अंतर! घाईत असलेला माणूस म्हणेल, ही एका आईची मुलं नव्हेत, गाव चुकलं.

पण इंग्लंडात १७५२ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. म्हणजे १६०७ चा जानेवारी हा त्या वर्षाच्या शेवटाकडचा महिना, आपल्या हिशेबाने १६०८ चा. अंतर वीस महिन्यांचं निघतं आणि अडचण उरत नाही. १ जानेवारी ते २४ मार्च या काळातली प्रत्येक तारीख आपल्या टिपणात १६०७/०८ अशी दुहेरी लिहा. लंडनजवळच्या व्हाइटचॅपलमध्ये स्टीफन हॉपकिन्स आणि एलिझाबेथ फिशर यांचं लग्न लागलं, ते असंच १९ फेब्रुवारी १६१७/१८ चं.

५. रिकामी जागाही वाचा

हर्सलीत गाइल्सनंतर स्टीफनच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी थांबतात. का? १६०९ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियाकडे निघालेलं 'सी व्हेंचर' जहाज बर्म्युडाला फुटलं. त्यावरच्या एका स्टीफन हॉपकिन्सवर बंडाचा आरोप झाला, मृत्युदंड सुनावला गेला, आणि गयावया करून तो सुटला. हाच पुढचा मेफ्लॉवरवाला असेल तर घरात मुलं होणं थांबणारच. शिवाय नोव्हेंबर १६२० मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावर, केप कॉडच्या रानात वाकवलेलं झाड पाहून हा हरणाचा सापळा आहे, हे सोबत्यांना सांगणारा हॉपकिन्सच होता. (ब्रॅडफर्ड मागून आला आणि त्याचाच पाय त्यात अडकला.) अमेरिकेतलं रान त्याने आधी पाहिलेलं असावं.

मग पुढची नोंद येते: स्टीफनची बायको मेरी, दफन ९ मे १६१३, हर्सली. 'आधीची बायको' सापडली.

६. मालमत्तेचे कागद

श्रीमंतांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या आर्चबिशपच्या न्यायालयात जात, ती आता लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. साध्या माणसांचे कागद स्थानिक बिशपच्या कचेरीत जात आणि आज त्या त्या काउंटीच्या दफ्तरात सापडतात. हॅम्पशायरचं दफ्तर विंचेस्टरला आहे. मेरीच्या मालमत्तेच्या कागदांत एलिझाबेथ, गाइल्स आणि कॉन्स्टन्स अशी तीन मुलं आहेत. तिला मात्र विधवा म्हटलंय! नवरा तर जिवंत होता. कारकुनाचा गैरसमज असो की गावाने त्याला मेलेला धरलेलं असो, कागदात एक गोष्ट चुकली म्हणून बाकीचा कागद टाकून द्यायचा नसतो.

७. स्वतःचाच दावा पाडून बघा

तुम्ही शोधलेला माणूस त्याच गावात पुढे कधी पुरला गेला आहे का, हे जरूर तपासा. इंग्लंडातच मेलेला माणूस अमेरिकेला गेलेला नसतो. दुसऱ्यांच्या वंशावळीही तशाच तपासा. हॉपकिन्सची पहिली बायको म्हणून 'कॉन्स्टन्स डडली' हे नाव इंटरनेटवर अजून फिरतं, त्याला काहीही आधार नाही. आणि गुस्ताव अँजू या माणसाने तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पैसेवाल्या अमेरिकन घराण्यांसाठी बनावट वंशावळी रचण्याचा धंदाच केला. त्याची कामं आजही नकळत उतरवून घेतली जातात.

टिपण लिहिताना प्रत्येक जोडणीपुढे तिची खात्री किती, तेही लिहा. हर्सलीचं घर भक्कम आहे. ३० एप्रिल १५८१ रोजी हॅम्पशायरमधल्याच अप्पर क्लॅटफर्डला बाप्तिस्मा झालेला, जॉन हॉपकिन्स आणि एलिझाबेथ विल्यम्स यांचा मुलगा स्टीफन हाच तो, हे त्यापुढचं अनुमान. त्याच्यापुढे 'बहुधा' एवढंच लिहायचं.