देणगीसाठी पुणे ते लेह मोटारसायकल प्रवास: आखणी कशी करावी

एखाद्या संस्थेसाठी निधी उभारायचा म्हणून पुण्याहून लेहपर्यंत मोटारसायकलने जायचे ठरले की चर्चा सुरू होते ती गाडीची आणि रस्त्याची; वास्तविक सर्वांत आधी पैसा कोणत्या खात्यात जाणार हे ठरायला हवे. देणग्या स्वतःच्या खात्यात जमा करून शेवटी एकरकमी संस्थेला देणे सोयीचे वाटले, तरी तसे करू नये, कारण मग संस्थेची पावती तुमच्या नावाने निघते, मूळ देणगीदाराला करसवलत मिळत नाही आणि हिशेबाचा संशय मात्र तुमच्यावर येतो.

संस्थेकडूनच तिच्या खात्याचा क्यूआर कोड घ्यावा आणि पावसात टिकेल असा छापून सामानाच्या पेटीवर चिकटवावा. चहाच्या टपरीवर कोणी तो स्कॅन केला की रक्कम टाकण्याआधी खातेदाराचे नाव दिसते. तेथे तुमचे नाव न येता संस्थेचे आले, तर वेगळा खुलासा करावा लागत नाही. मात्र या मार्गाने आलेल्या पैशाबरोबर पॅन क्रमांक येत नसल्यामुळे, ‘८०जी’ची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची, सवलत हवी असणाऱ्यांचे नाव, पत्ता आणि पॅन वेगळे कळवावे लागतात. दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीवर ही सवलत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ती लागूच होत नाही, हे आधीच सांगून टाकावे. अमेरिकेतल्या काकांनी तिथले नागरिकत्व घेतले असेल, तर त्यांची देणगी विदेशी योगदान ठरते आणि ती स्वीकारण्यासाठी संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी योगदान नियमन कायद्याखालील, नोंदणी लागते. काका अजून भारतीय नागरिक असतील, तर त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेल्या पैशाला ही अट नाही.

पेट्रोल, मुक्काम आणि दुरुस्ती यांचा खर्च स्वतःच्या खिशातून, किंवा त्याच कामासाठी म्हणून घेतलेल्या प्रायोजकाच्या पैशातून करावा. देणगीतून टायर बदलणे, कितीही अडचण आली तरी, माझ्या मते गैरच आहे.

जाताना श्रीनगरमार्गे जावे, कारण ३,५०० मीटर उंचीवरील लेहपर्यंतची चढण त्या बाजूने तुलनेने सावकाश होते. पोहोचल्यावर दोन दिवस विश्रांती घ्यावी. परतताना मनालीचा रस्ता धरल्यास टांगलांग ला ही पाच हजार मीटरहून उंच खिंड लागते आणि लेहजवळच्या कारूनंतर पेट्रोलसाठी थेट हिमाचलातल्या तांदीच्या पंपाचाच भरवसा धरून चालावे. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतील प्रीपेड सिम चालत नाही, म्हणून पोस्टपेड जोडणी घ्यावी. क्लचची जादा केबल पेटीत न ठेवता जुन्या केबलच्या कडेने आधीच ओवून चिकटपट्टीने बांधावी, म्हणजे घाटात केबल तुटली तर फक्त दोन्ही टोके जोडायची राहतात.

परत आल्यावर संस्थेच्या खात्यात जमा झालेली रक्कम, प्रवासाचा खर्च आणि तो कोणी केला, एवढे एका पानावर मांडून देणगीदारांना पाठवावे. रस्त्यात पैसे देऊन गेलेल्यांचा पत्ता आपल्याजवळ नसतो, त्यांच्यासाठी तेच पान संस्थेला तिच्या संकेतस्थळावर ठेवायला सांगावे. रक्कम उद्दिष्टापेक्षा कमी जमली असली, तरी तोच आकडा लिहावा.