नदीशी लग्न लावलेलं राज्य: मित्रांसोबत बसून काल्पनिक इतिहास कसा रचायचा

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं एका मित्राच्या घरी जमलो आणि साडेतीन तासात एका राज्याचा सहाशे वर्षांचा इतिहास रचला, जे राज्य त्या दुपारपर्यंत कोणाच्याच डोक्यात नव्हतं. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की हे नक्की करायचं कसं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

गेमचं नाव मायक्रोस्कोप, सगळ्यांनी मिळून कार्डांवर काल्पनिक इतिहास रचायचा हा खेळ, बेन रॉबिन्स यांनी केलाय, २०११ साली आला. यात फासे नाहीत, गेम मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा वेगळा माणूस, नाही, घरून काही तयारी करून यायचं नाही. दोन ते चार माणसं लागतात, माझ्या मते तीन किंवा चार बेस्ट. सामान म्हणजे फक्त पेनं आणि कोरी कार्डं, इंडेक्स कार्डं स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, नाही मिळाली तर कार्डशीट आणून साधारण पोस्टकार्डाएवढे तुकडे कापा, साठ-सत्तर तरी कापा कारण मध्येच कात्री शोधत बसलं की रंग जातो. टेबल लहान असेल तर सरळ जमिनीवर सतरंजी टाका.

सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एका वाक्यात ठरवायचं की हा इतिहास कशाचा आहे. आमचं वाक्य होतं, "एका राजघराण्यानं नदीशी लग्न लावलं, ते नदीनं पात्र बदलेपर्यंतची गोष्ट." मग दोन टोकं ठरवायची, पहिला कालखंड आणि शेवटचा कालखंड, दोन कार्डं उभी धरून लिहायची आणि टेबलाच्या डाव्या-उजव्या टोकाला ठेवायची. म्हणजे शेवट खेळाच्या आधीच सगळ्यांना माहीत असतो. नवीन माणूस इथे हमखास अडतो, म्हणतो शेवट कळला मग मजा काय राहिली. पण आपण बखरी वाचतो तेव्हाही पुढे काय होणार ते माहीत असतंच की, तरी वाचतो, कारण ते तसं का झालं, कोणी काय केलं, कोण कुठे चुकलं हे कळायला हवं असतं, तसंच इथे आहे. आणि शेवट पक्का असला की कोणालाही राज्य वाचवायची किंवा जिंकायची घाई राहत नाही.

प्रत्येक कार्डावर एक छोटा गोल काढतात, काळ उजळ असेल तर कोरा आणि काळोखा असेल तर भरलेला, आणि तो तसा का ते ज्याचं कार्ड त्यानं सांगायचं. आमचा शेवटचा कालखंड, नदी निघून जाते तो, उजळ ठरला, कारण लोक शेवटी नदीच्या धाकातून सुटतात. पुढे कितीतरी वेळा त्या कोऱ्या गोलामुळे आम्हाला वेगळा विचार करावा लागला.

यानंतर पॅलेट, म्हणजे आपल्या इतिहासात काय असू शकतं आणि काय नाही याची यादी. एका कागदावर मध्ये रेघ मारा, एकीकडे "असेल", दुसरीकडे "नसेल". प्रत्येकानं एकेक गोष्ट घालायची, फेऱ्या चालू ठेवायच्या, आणि कोणी एकानं "आता मला काही नको" म्हटलं की ती शेवटची फेरी. इथे बोलायला पूर्ण मोकळीक आहे, मनात काही खटकत असेल तर ते इथेच सांगून टाका. आमच्याकडे "असेल"मध्ये आलं की नदी बोलते पण फक्त नावाड्यांना ऐकू येतं, आणि "नसेल"मध्ये आलं बंदुकीची दारू, भविष्यवाणी आणि प्रत्यक्ष प्रकट होणारे देव. भविष्यवाणी काढून टाकली हे फार बरं झालं, नाहीतर प्रत्येक घटनेचं कारण तेच झालं असतं.

एक सल्ला, पहिल्याच खेळात खरा इतिहास घेऊ नका. पानिपतात १७६१ साली उलटा निकाल लागला असता तर, असं करायचा मोह आपल्या सगळ्यांना होतो आणि मलाही ते कधीतरी खेळायचंय, पण ज्याचं वाचन जास्त तोच मग सगळं ठरवायला लागतो आणि बाकीचे ऐकत बसतात.

पॅलेट झालं की पहिली फेरी, प्रत्येकानं एक कार्ड टाकायचं, नवा कालखंड किंवा एखाद्या कालखंडातली घटना. घटनेचं कार्ड आडवं, ज्या कालखंडातली असेल त्याच्याखाली. कुठेही टाका, आधी मागचं मग पुढचं असा काही क्रम नाही. आमच्यात एकीनं पहिल्याच फेरीत राजधानी जाळली, आणि आम्ही बाकीचे हळहळलो की अरे आता राजधानीत काही करता येणार नाही, पण तसं नसतं, तिच्या पुढच्याच माणसानं दोनशे वर्षं मागे जाऊन त्याच राजधानीत बाजारपेठ उभी केली आणि ती पुढे जळणार आहे हे माहीत असल्यामुळे त्या बाजाराबद्दल आम्हाला जास्तच वाटायला लागलं. तेव्हा मोठ्या गोष्टी बिनधास्त मोडा, फक्त आधीच्या कार्डाच्या विरुद्ध जाईल असं लिहू नका.

आता सगळ्यात अवघड नियम. ज्याची पाळी आहे त्यानं एकट्यानं ठरवायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. सुचवायचं नाही, "ए असं कर ना" नाही, डोळ्यांनी खुणा पण नाहीत. आपल्याला हे फार जड जातं, चार जण बसले की चहा कधी करायचा हे पण एकमतानं ठरतं. पण एकमतानं इतिहास रचला की तो सपक होतो, सगळ्यांना चालेल तेवढंच उरतं, आणि जो मुळातच कमी बोलतो त्याचं डोकं त्यात कधी दिसतच नाही. आमच्यातला सगळ्यात शांत मित्र पाच मिनिटं नुसता कार्डाकडे बघत होता, आम्ही कसेबसे गप्प राहिलो, आणि मग त्यानं "निरोपांचा काळ" हा कालखंड लिहिला, ज्यात राजे नावाड्यांना नदीचा निरोप विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. त्या दिवसातलं सर्वात चांगलं कार्ड तेच. विचारायचंच असेल तर "हे नीट दिसलं नाही, जरा सांग" एवढं विचारा.

पुढे खेळ फोकसवर चालतो. एक जण लेन्स होतो आणि विषय देतो, माणूस, जागा, वस्तू काहीही, मग त्या फेरीत सगळ्यांची कार्डं त्याच्याशी जोडलेली हवीत. लेन्स सुरुवात करतो आणि शेवटही तोच करतो, त्याला एका पाळीत एकात एक बसणाऱ्या दोन गोष्टी टाकता येतात, म्हणजे कालखंड आणि त्यातली घटना, किंवा घटना आणि तिच्यातला प्रसंग, म्हणजे पात्रं घेऊन खेळायचा एक क्षण. फेरी संपली की लेन्सच्या उजवीकडचा माणूस त्यातली एक गोष्ट वारसा म्हणून निवडतो आणि तिच्यावर एक कार्ड टाकतो, मग डावीकडचा नवा लेन्स.

प्रसंग हा खरा जीव आहे, तो प्रश्नापासून सुरू होतो. "राणीचा राज्याभिषेक कसा झाला" हा प्रश्न फुसका, नुसतं वर्णन होतं. आमचा प्रश्न होता, "नावाड्यानं राणीला नदीचा निरोप का दिला नाही?" मग जागा सांगायची, आमची होती घाट, पहाट, राज्याभिषेकाचा दिवस. कोण पाहिजेच आणि कोण चालणार नाही तेही सांगायचं, नावाडी आणि राणी हवेतच, पुरोहित नको. प्रत्येकानं पात्र घ्यायचं, त्या क्षणी ते काय विचार करतंय ते सांगायचं, आणि मग बोलत बोलत खेळायचं, नाटक येत नसेल तरी चालतं, साधं "मी दोर सोडत नाही" म्हटलं तरी पुरतं. उत्तर मिळालं की तिथेच थांबा, ताणू नका. आमचं उत्तर आलं नावाड्याच्या तोंडून, की निरोप नव्हताच, नदी त्याच्या आजोबांच्या काळीच बोलायची थांबली होती आणि तीन पिढ्या ते स्वतःच निरोप रचत होते. टेबलावर एकदम शांतता. एकही जुनं कार्ड खोटं ठरलं नाही पण निरोपांच्या काळातल्या लढाया, लग्नं, शिक्षा, सगळ्याचा अर्थ बदलला.

नावं पटकन द्या, माणसांना, गावांना, घाटांना, नाव नसलेली गोष्ट पुढच्या फेरीत कोणी उचलत नाही. कार्डावर दोन ओळींपेक्षा जास्त लिहू नका, बाकी तोंडी सांगा. आणि आवरायच्या आधी वरून एक फोटो काढा, कार्डं उचलली की क्रम परत लागत नाही. नदी गप्प का झाली याचं कार्ड आमच्याकडे अजून कोणी टाकलेलं नाही, शांत मित्रानं त्यासाठी दोन कार्डांच्या मधे बोटानं सरकवून जागा केली होती, ती फोटोत दिसते.