४०० पानांचं मॅन्युअल स्वस्तात कसं छापायचं

आधी एक सांगतो, अख्खं छापूच नका, मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा पुष्कळ पानं दुसऱ्या भाषांची नाहीतर सेफ्टीच्या सूचनांची असतात, ती प्रिंटच्या पेज रेंजमधून (कोणती पानं छापायची ते लिहायची जागा) उडवा. मग एका बाजूला २ पानं आणि कागद पाठपोट, म्हणजे ४०० पानं १०० कागदांत बसतात, फक्त आधी एकच कागद काढून अक्षर वाचता येतंय का बघा.

घरी इंक टँकवाला (बाटलीतली शाई टाकीत ओतायचा) प्रिंटर असेल तरच घरी काढा, छोट्या कार्ट्रिजवाल्यावर एवढं काढणं म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. नाहीतर सरळ कॉलेजजवळचं झेरॉक्सचं दुकान गाठा, पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या, ब्लॅक अँड व्हाइट सांगा आणि जास्त पानांचा रेट आधीच ठरवा. स्पायरल तिथंच मारून मिळतं.