सुडोकूत जोडीपाशी अडकताय? मग हे एकदा करून बघा

नियम सगळ्यांना माहितीच आहेत, ते परत सांगत बसत नाही. हे लिहितोय ते अशांसाठी जे सोपं सुडोकू चहा संपेपर्यंत उरकतात पण वर 'कठीण' लिहिलेलं असलं की निम्म्यात ठप्प होतात. अशा माणसाला हमखास एक सल्ला मिळतो, "दोनच आकडे उरलेत ना त्या घरात, मग एक टाकून बघ, नाही जमलं तर दुसरा." कृपा करून हे ऐकू नका. अंदाज चुकला तर ते लगेच कळत नाही, पंधरा-वीस घरं भरून झाल्यावर एका ओळीत दोन 6 दिसतात आणि मग नक्की कुठपर्यंत खोडायचं तेच समजत नाही. आणि अंदाज बरोबर आला तर त्याहून वाईट, कारण कोडं सुटलं पण तुम्ही काहीच शिकला नाहीत, उद्या परत तिथेच अडकणार. नीट बनवलेल्या सुडोकूला एकच उत्तर असतं आणि पेन्सिलने लिहिलेल्या प्रत्येक आकड्याला "का?" विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे.

अजून एक गैरसमज. दिलेले आकडे कमी म्हणजे कोडं अवघड, असं नसतं. एकच उत्तर येण्यासाठी कमीत कमी 17 आकडे लागतात, 16 मध्ये होत नाही, हे 2012 मध्ये डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांच्या टीमने कॉम्प्युटरवर सगळं तपासून दाखवलं. पण 17 आकड्यांची कितीतरी कोडी साध्या पद्धतीने सुटतात आणि 26-27 आकडे दिलेली डोकं पिकवतात. तेव्हा आकडे मोजून घाबरू नका.

आधी सोपं संपवा

जो आकडा सगळ्यात जास्त वेळा आलाय तिथून सुरुवात करा, 1 पासून क्रमाने जाण्यात काही अर्थ नाही. प्रत्येक बॉक्समध्ये (म्हणजे 3×3 च्या चौकोनात) तो आकडा कुठे बसू शकतो बघा, एकच जागा उरली की भरा. मग जी ओळ किंवा बॉक्स जवळजवळ भरलाय तिथे उरलेलं बघा. हे तुम्हाला येतंच.

मग बारीक आकडे लिहा

पुढे काही भरता येईना झालं की रिकाम्या घरात शक्य असलेले आकडे बारीक अक्षरात लिहायचे. सगळे लिहायचे, अर्धवट नाही. आणि एखादं घर भरलं की त्याच क्षणी त्याच्या आडव्या ओळीतून, उभ्या ओळीतून आणि बॉक्समधून तो बारीक आकडा खोडायचा, "नंतर खोडू" म्हटलं की संपलं. अ‍ॅपवर खेळत असाल तर आपोआप नोट्स भरणारं बटण निदान पहिले काही महिने वापरू नका, हाताने लिहिताना निम्म्या गोष्टी आपोआप दिसतात.

बॉक्समध्ये अडकलेला आकडा

समजा एका बॉक्समध्ये 6 फक्त दोन घरांत बसतो आणि ती दोन्ही घरं एकाच आडव्या ओळीत आहेत. मग त्या ओळीचा 6 या बॉक्समध्येच येणार, म्हणून त्या ओळीतल्या बाकीच्या घरांतून 6 खोडा. उलट बाजूनेही चालतं, ओळीतला 6 एकाच बॉक्समध्ये बसत असेल तर त्या बॉक्सच्या इतर घरांतून खोडा. झालं एवढंच.

जोडी: खरी अडचण इथे आहे

मी दीड-दोन वर्षं याच पायरीवर अडकलेलो, म्हणून सावकाश सांगतो. जोडी म्हणजे एकाच ओळीतली किंवा बॉक्समधली दोन घरं, ज्यांत बारीक आकडे तेच दोन उरलेत, उदाहरणार्थ दोन्हीकडे 2-7. इथपर्यंत आपली सवय असते "कुठला आकडा भरू" असं शोधायची. जोडी काहीच भरून देत नाही, ती फक्त खोडायला देते, आणि हे डोक्यात बसत नाही तोवर माणूस जोडी समोर दिसत असून "पण यातला 2 कुठला आणि 7 कुठला" यावर डोकं फोडत बसतो. ते माहीत असायची गरजच नाही.

उदाहरण घ्या. एका आडव्या ओळीत 2, 5, 7, 8, 9 भरायचे राहिलेत. पहिल्या घरात 2-7, तिसऱ्यात 2-5-7-9, पाचव्यात 2-7, आठव्यात 5-8-9, नवव्यात 7-8. पहिलं आणि पाचवं बघा. एकात 2 आला तर दुसऱ्यात 7, किंवा उलट, पण कसंही झालं तरी या ओळीचे 2 आणि 7 या दोन घरांत संपले. म्हणजे तिसऱ्यातून 2 आणि 7 खोडा, उरले 5-9. नवव्यातून 7 खोडा, उरला 8, भरून टाका. आठव्यातून 8 गेला, तिथेही 5-9. एका जोडीतून एक आकडा मिळाला आणि वर दुसरी जोडी तयार झाली, आणि पहिल्या घरात 2 आहे का 7 हे अजूनही आपल्याला माहीत नाही!

आता सावध राहायची जागा. पहिलं आणि पाचवं घर एका ओळीत आहेत पण एका बॉक्समध्ये नाहीत, म्हणून खोडायचं ते फक्त ओळीतून. मी पूर्वी उत्साहात पहिल्या घराच्या बॉक्समधूनही 2 आणि 7 खोडून टाकायचो, आणि मग कोडं चुकीचं छापलंय असं घरच्यांना ठासून सांगायचो. जोडीची दोन्ही घरं ज्यात आहेत तिथूनच खोडायचं. दोन्ही एका ओळीत आणि एकाच बॉक्समध्ये असतील तर दोन्हीकडून.

दुसरी चूक म्हणजे 2-7 आणि 2-7-9 याला जोडी धरणं. ती जोडी नाही, त्या तिसऱ्या आकड्याने सगळं बिघडतं. दोन घरं, तेच दोन आकडे, आणि दुसरं काही नाही.

लपलेली जोडी

ही अजून अवघड कारण ती डोळ्याला दिसतच नाही, गर्दीत असते. एका बॉक्समध्ये सहा घरं रिकामी आहेत, बारीक आकडे असे:

पहिलं रिकामं घर: 3-4-6
दुसरं: 1-3-4-8
तिसरं: 4-6-9
चौथं: 3-6-9
पाचवं: 1-6-8-9
सहावं: 3-4-9

घरं वाचत बसलात तर काही सापडणार नाही, मीही तेच करायचो, घराघरातून डोळे फिरवत राहायचो. इथे घर सोडा आणि आकडा धरा. 1 कुठे कुठे आहे? दुसरं आणि पाचवं. 8 कुठे? दुसरं आणि पाचवं. दोन आकड्यांना मिळून दोनच घरं आणि तीही तीच, म्हणजे ती घरं त्यांनी अडवली, तिथे बाकी कोणाला जागा नाही. दुसऱ्यातून 3 आणि 4 खोडा, पाचव्यातून 6 आणि 9. साध्या जोडीत इतर घरं साफ होतात, लपलेल्या जोडीत तीच दोन घरं साफ होतात, हा फरक नीट लक्षात ठेवा. आणि खोडून झालं की लगेच त्या दोन घरांच्या आडव्या-उभ्या ओळी तपासा, कारण पाचव्यातून 9 गेला तर त्याच्या उभ्या ओळीत 9 ला कदाचित एकच जागा उरली असेल. फायदा बहुतेक वेळा असा बाहेर मिळतो.

सराव म्हणून मी कागदाच्या कडेला उरलेले आकडे लिहायचो आणि प्रत्येकापुढे त्याला किती जागा आहेत ते लिहायचो. ज्यांच्यापुढे 2 येईल तेवढेच एकमेकांशी ताडून बघायचे. थोडं कंटाळवाणं आहे पण महिनाभर केलं की कागद लागत नाही. थॉमस स्नायडर, जो 2007, 2008 आणि 2011 चा सुडोकू जगज्जेता, त्याच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत यासाठी फार कामाची आहे: बॉक्समध्ये एखाद्या आकड्याला बरोबर दोन जागा असतील तरच तो बारीक लिहायचा, नाहीतर नाही. मग दोन आकडे त्याच दोन घरांत लिहिले गेले की बॉक्समधली लपलेली जोडी आपोआप समोर येते. पण ओळींमधली जोडी याने दिसत नाही, तिथे सगळे आकडे लिहावेच लागतात.

किती घरं रिकामी आहेत त्यावरून काय शोधायचं ते ठरवा. चार-पाच घरं असतील तर साधी जोडी, सात-आठ असतील तर लपलेली.

तिघांचा गट, म्हणजे तीन घरांत मिळून तीनच आकडे, याच तत्त्वावर चालतो, फक्त प्रत्येक घरात तिन्ही आकडे असायलाच हवेत असं नाही. 1-2, 2-5, 1-5 हासुद्धा पक्का तिघांचा गट आहे, लोक हा सोडून देतात.

एक्स-विंग

जोडी जमल्यावर हे एका दिवसात येतं. 4 हा आकडा दुसऱ्या आडव्या ओळीत फक्त तिसऱ्या आणि आठव्या घरात बसतो, आणि सातव्या आडव्या ओळीतही फक्त तिसऱ्या आणि आठव्याच. मग एका ओळीचा 4 तिसऱ्यात आला तर दुसरीचा आठव्यात, म्हणजे तिसऱ्या आणि आठव्या उभ्या ओळीचे 4 इथेच संपले. त्या दोन उभ्या ओळींतून बाकी सगळीकडचा 4 खोडा. शोधायचं आडवं, खोडायचं उभं. नुसता चार 4 चा चौकोन दिसला म्हणून खोडू नका, त्या दोन आडव्या ओळींत 4 ला तिसरी जागा नाही ना ते आधी मोजा.

रोजच्या पेपरातलं कठीण सुडोकू बहुतेक वेळा याच्या आतच सुटतं, त्यामुळे पुढच्या पद्धतींची वीस-पंचवीस नावं आत्ता पाठ करत बसू नका. काहीही खोडलं की दरवेळी परत पहिल्या सोप्या पायरीवर जायचं, नवीन जोडी शोधायच्या मागे लागायचं नाही. आणि तरीही अर्धा तास काही हललं नाही तर बारीक आकडे परत तपासा, माझ्या बाबतीत दहापैकी आठ वेळा एखादा चुकून खोडलेला किंवा खोडायचा राहिलेला आकडाच निघतो.