फ्लॅटचे फोटो काढताना आधी दिवे बंद करा

भाड्याने द्यायच्या घराचे फोटो बहुतेक वेळा बिघडतात ते मिसळलेल्या उजेडामुळे. खिडकीतला उजेड साधारण 5500 केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जास्त तितका उजेड निळसर), पिवळा बल्ब 2700 चा. फोनला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत आणि अर्धी भिंत निळसर, अर्धी पिवळी दिसते. म्हणून दिवसा सगळे दिवे बंद करून पडदे पूर्ण उघडा.

बिनखिडकीच्या बाथरूममध्ये दिवा लावावाच लागतो. तिथे फोटोत काळे पट्टे आले तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) शटर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो; शटर त्याच्याशी जुळलं की पट्टे जातात. बादली-मग मात्र बाहेर काढा!

फोन जमिनीपासून सुमारे 120 सेंटिमीटरवर, मागे-पुढे न झुकवता अगदी सरळ धरा. जरासा खाली झुकला तरी भिंती तळाशी आत ओढल्यासारख्या दिसतात. ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू करून दाराची चौकट रेषेला लावून बघा. स्वयंपाकघरात याच उंचीवरून ओट्याचा कडप्पाही दिसतो. 0.5 एक्सचा, म्हणजे जास्त रुंद दाखवणाऱ्या वाइड लेन्सचा मोह टाळा, कडेचा फ्रिज कपाटाएवढा रुंद होतो. त्यापेक्षा दारात पाठ टेकवून 1 एक्सवर काढा.

खिडकी पांढरीफटक येत असेल तर तिच्यावर बोट टेकवून ब्राइटनेस थोडा उतरवा, किंवा सूर्यास्ताला अर्धा तास उरेपर्यंत थांबा. आणि लेन्स पुसा; फोडणीच्या हातांचा तेलकटपणा फोटोत धुक्यासारखा उतरतो.